सात मॅचमधली आपली एक

मिलिंद, रविवारी स्पर्धा झाली. फॉरमॅट तुझाच ठेवला. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकी काही ऐकायच्या आत तू हेच विचारलं असतंस, आणि उत्तर मिळेपर्यंत चहाला हात लावला नसतास.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी संत तुकाराम नगरातल्या त्या हॉलमध्ये एकेकजण उठून तुझ्याबद्दल बोलला. शांत माणूस होता, म्हणाले. कधी कुणाचं मन दुखावलं नाही, म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आठ वर्षं माझा माल कुणी परत पाठवला ते विचारा. माझी पाळी आली तेव्हा उठलो, दोन शब्द बोललो आणि खाली बसलो. काय बोललो ते आता आठवतही नाही. तेव्हा राहिलेलं इथे लिहितोय.

महाळुंग्याच्या आपल्या कंपनीत मी मशिन शॉपचा सुपरवायझर, तू क्वालिटीचा इन्स्पेक्टर. माझं घर कंपनीच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर, तू पिंपरीच्या त्या नगरातून कंपनीच्या बसने येणारा. आठ वर्षांत आपण कामापलीकडे एक शब्द बोललो नव्हतो. तू यायचास, मापं घ्यायचास, क्रेटला लाल टॅग अडकवायचास आणि "दत्ता साहेब, हे चालणार नाही," एवढं म्हणून निघून जायचास. आवाज न चढवता. तू एकदा तरी ओरडला असतास तर मला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं.

मग कँटीनमागची भंगाराची जागा साफ झाली आणि एचआरच्या मॅडमनी तिथे पिकलबॉलची दोन कोर्ट आखून घेतली. नाव ऐकून गावाकडची पोरं हसली. पिकल म्हणजे लोणचं, म्हणून आठवडाभर सगळे त्याला लोणचंबॉलच म्हणत होते. बॅडमिंटनएवढं कोर्ट, टेनिससारखी बुटकी जाळी, भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू आणि लाकडी फळीसारखी बॅट. मला वाटलं, हा काय खेळ आहे? पंधरा मिनिटांत घामाघूम झालो तेव्हा कळलं.

त्या पहिल्या स्पर्धेत जोडीदार कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. मॅडमनी एका पिवळ्या हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या घातल्या. मी काढली आणि वाचली. तू भिंतीला टेकून उभा होतास. शॉपमधले सगळे माझ्याकडे बघून तोंडावर हात धरत होते. तू सावकाश चालत आलास आणि म्हणालास, "मला पुढचं बघू दे, तुम्ही मागचं बघा." एवढंच. पहिल्या दोन मॅच आपण हरलो, कारण मी प्रत्येक चेंडू फोडायला निघालो होतो. जाळीजवळच्या सात फुटी पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात, त्यात उभं राहून चेंडू टप्पा पडू न देता मारायचा नाही, आणि मी सारखा तिथेच पाय टाकायचो. तिसऱ्या मॅचच्या आधी तू पहिल्यांदा मला अरेतुरे केलंस. म्हणालास, "दत्ता, स्वयंपाकघरात बूट घालून शिरू नकोस रे." मी हसलो. ती मॅच आपण जिंकलो.

त्यानंतर पहिली शिफ्ट सुटली की तुझी बस निघेपर्यंतचा अर्धा तास आपला झाला. शॉपमधल्यांनी आपल्या जोडीचं नावच रेड टॅग पाडलं. तू माझा माल परत पाठवणं काही थांबवलं नाहीस. फरक एवढाच पडला की आता टॅग लावायच्या आधी मला बोलावून मापायचं गेज माझ्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, "तूच बघ." मी बघायचो. नेहमी तुझंच बरोबर निघायचं. तुझ्यामुळे माझ्या मशिनवरचा माल सुधारला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. एचआरच्या मॅडमना सांगितलं, घरी बायकोला सांगितलं. तुला सांगायचं राहिलं.

गेल्या वर्षी ठरलेल्या जोड्या आणि नॉकआउट ठेवायचा आग्रह माझा होता. हरला तो बाहेर. सुटसुटीत. पहिल्याच फेरीत आपल्यासमोर मंगलबाई आल्या. कँटीनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या, चाकणच्या पलीकडून रोज येणाऱ्या. दोन महिने त्या सगळ्यांची जेवणं उरकल्यावर भिंतीवर चेंडू मारून शिकत होत्या. त्यांची जोडीदार तर त्या दिवशी दुसऱ्यांदाच बॅट हातात धरत होती. आपण अकरा-एकने जिंकलो. नऊ मिनिटं लागली. मी तुझ्या पाठीवर थाप मारली.

तासाभराने मंगलबाईंचे मालक त्यांच्या सासूबाईंना मोटारसायकलवर घेऊन आले. म्हातारीने नवं लुगडं नेसलं होतं. सुनेचा खेळ बघायला आली होती. तोपर्यंत मंगलबाई परत ॲप्रन घालून कपबशा विसळत होत्या. तू त्यांच्याशी काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. पण आपली फायनल झाली, कप मिळाला, फोटो निघाले, आणि प्रत्येक फोटोत तू दुसरीकडेच बघतोयस. मला तेव्हा वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल.

या वर्षीची यादी लागली आणि तू मंगळवारी कँटीनमध्ये चार कागद घेऊन माझ्यासमोर बसलास. प्रत्येक कागदावर एक फॉरमॅट. तुझं ते वळणदार अक्षर, मापं लिहावीत तसं.

मी कागद बघितलेही नाहीत. म्हटलं, "नॉकआउट. बारा जोड्या, अकरा मॅच, दुपारच्या जेवणाला सगळे मोकळे."

"चोवीस माणसं," तू म्हणालास. "आठ-आठचे तीन गट. जोडी कुणाचीच नाही. दर फेरीला जोडीदार बदलायचा, गुण ज्याचे त्याला. प्रत्येकाच्या सात मॅच. शेवटी सर्वांत जास्त गुणांचे चौघं फायनल खेळतील."

"सात? संध्याकाळ होईल."

"होऊ दे. रविवार आहे."

"बरं, दोनदा हरला की बाहेर, असं करू. झालं समाधान?"

"मंगलबाईंच्या एकाऐवजी दोन मॅच होतील. मग परत कपबशा." मग तू यादी माझ्यापुढे सरकवलीस. "आणि यंदा तर त्यांनी नावच दिलेलं नाही. या जोड्या बघ. ऑफिसवाले ऑफिसवाल्यांबरोबर. गाववाले गाववाल्यांबरोबर. आमच्या नगरातले आमच्यात. कॉन्ट्रॅक्टवाले उरले, ते उरलेल्यांबरोबर. हे तर आपण रोज जेवणाच्या टेबलावर बघतो, दत्ता. त्यासाठी जाळी कशाला बांधायची?"

मी म्हटलं, "आणि आपण? आपण कुठे एका गावचे आहोत?"

"आपण चिठ्ठीने आलो. निवडायला सांगितलं असतं तर तू मला घेतलं असतंस?"

मिलिंद, या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि तुलाही. नसतं घेतलं. नुसता टॅगचा राग होता म्हणून नव्हे. तू ज्या टेबलावर जेवायचास त्या टेबलावर आठ वर्षांत मी कधी ताट घेऊन बसलो नव्हतो, आणि का बसलो नव्हतो हे स्वतःला विचारलंही नव्हतं. ते उत्तर ओठांवर यायला लागलं म्हणून मी चिडलो. माणूस कोंडीत सापडला की दुसरंच काहीतरी बोलतो. मी म्हणालो, "सरळ सांग ना, माझ्याबरोबर खेळायचा कंटाळा आलाय."

तू म्हणालास, "अरे ऐक तर, त्यात..."

मी ऐकलं नाही. उठलो. "तुला करायचं ते कर. माझं नाव काढून टाक."

बुधवारी तू शॉपमध्ये आलास, मापं घेतलीस, गेलास. गुरुवारीही तसंच. खेळायला मी थांबलो नाही, सरळ घरी गेलो. शुक्रवारी तू माझा सगळा माल पास केलास आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "चांगला आलाय माल." मी कागदावरची नजर न काढता "हं" म्हटलं. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो. शब्द तरी कसला म्हणायचा.

शनिवारी सकाळी बससाठी बूट घालायला तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस. रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी गेटवर पोचलो होतो आणि ठरवून आलो होतो की आज अर्धा तास थांबायचं. खरंच ठरवलं होतं. याला साक्षीदार कुणी नाही, तुझा विश्वास बसला तर बसला.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. स्पर्धा रद्द करायला नको, मिलिंदला ते आवडलं नसतं, पण सोपं काहीतरी ठेवू, म्हणाल्या. नॉकआउट घ्या. म्हणजे मी जिंकलो होतो. समोर वाद घालायला कुणी उरलंच नव्हतं. मी मान डोलावली आणि घरी आलो.

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मुलीची चौकटीची वही घेऊन बसलो. का बसलो ते सांगता येणार नाही. तुझा फॉरमॅट जमतो तरी का, एवढंच बघायचं होतं. खरं सांगायचं तर तो जमू नये अशीच इच्छा होती. आठ नावं लिहिली, तुझं आणि माझं धरून. दोनदा गणित चुकलं. कुणाची तरी जोडी दोनदा यायची, कुणीतरी सुटायचा. तिसऱ्यांदा युक्ती सापडली. एका नावाला जागेवर ठेवायचं आणि बाकीच्या सातांना त्याच्याभोवती एकेक घर पुढे सरकवायचं. सगळं चोख बसलं. सात फेऱ्या, आणि प्रत्येकाला उरलेल्या सातांपैकी प्रत्येकजण एकदा जोडीदार. नेमका एकदाच.

मी बोट ठेवून ओळी तपासत गेलो. पाचव्या फेरीत लिहिलेलं होतं, दत्ता आणि मिलिंद.

मग तुझं ते अर्धं राहिलेलं वाक्य मला कळलं. अरे ऐक तर, त्यात आपलीही एक मॅच आहेच. हेच सांगणार होतास ना तू? तुझ्या फॉरमॅटमध्ये आपली जोडी कुठे मोडत नव्हती. सातांतली एक मॅच आपली होती, आणि बाकीच्या सहा मला इतरांबरोबर खेळायच्या होत्या, तुलाही. तू माझ्यापासून सुटायला बघत नव्हतास. मी वही मिटली. मुलीने विचारलं, "बाबा, गणित चुकलं का?" मी म्हटलं, "नाही, बरोबर आलं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना तक्ते दाखवले. त्यांना संध्याकाळपर्यंत चालण्याची भीती वाटत होती. मी तुझंच वाक्य वापरलं. होऊ दे, रविवार आहे.

तुझ्या घरीही गेलो. वहिनींना म्हटलं, तक्त्यात मिलिंदचं नाव तसंच ठेवायचा विचार आहे, त्याची जागा रिकामी राहील. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी शाळेतून आणलेल्या पेपरांचा गठ्ठा बाजूला केला, तक्ता हातात घेतला आणि शिक्षिकेच्या नजरेने वरपासून खालपर्यंत वाचला.

"जागा रिकामी राहिली तर प्रत्येक फेरीत त्यांच्या जोडीदाराने काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"तो एकटा पडेल. थांबेल तेवढी फेरी."

"म्हणजे सातही जणांच्या मॅच बुडाल्या. त्यांना चाललं असतं हे?" त्यांनी तक्ता परत दिला. "माणूस घाला तिथं, भाऊजी. ज्याला कुणी घेतलं नसेल असा."

हे त्या तुझ्या वतीने बोलल्या की स्वतःच्या, मला कळलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर तसा फरक राहतही नसेल.

मंगलबाई आधी तयारच होईनात. कँटीनच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "न्हाई ओ साहेब. मागल्या बारीला हसं झालं. सासूबाई आजून इचारत्यात, तू खरंच खेळतीस का नुसतं सांगतीस."

"मागच्या वर्षी चूक माझी होती," मी म्हटलं. "फॉरमॅट मी ठरवला होता."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आन यंदाचा कुनी ठरवला?"

"मिलिंदने."

त्या ॲप्रनला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिकवायचे मला. सगळ्यांची जेवनं झाल्यावर, बस याच्या आधी. तुमच्यासंगं खेळून झालं की दहा मिनटं माझ्यासाठी थांबायचे." हे मला ठाऊक नव्हतं. तू दमलोय म्हणायचास आणि मी घरची वाट धरायचो. "लिवा नाव," त्या म्हणाल्या.

स्पर्धेचा रविवार उजाडला. पहिल्या फेरीत माझा जोडीदार पेंट शॉपमधला मुलगा, मराठवाड्याकडचा, लागून चार महिने झालेला. पहिलाच चेंडू आमच्या दोघांच्या मधून गेला आणि दोघंही बघत राहिलो. त्याला वाटलं साहेब घेतील, मला वाटलं तो घेईल. दुसरा चेंडू परत मधून आला तेव्हा दोघंही धावलो आणि बॅटवर बॅट आपटली. तुझ्याबरोबर असं कधीच झालं नाही. मधला चेंडू कुणाचा हे आपण एकदाही ठरवलं नव्हतं, तरी आपल्याला ते कळायचं. मला वाटायचं, हा खेळच तसा आहे. रविवारी समजलं की तसं नाही. तोंडाने सांगावं लागतं. "माझा." "तुझा." पहिल्या दोन फेऱ्यांत माझा आवाजच निघेना. तिसऱ्या फेरीत अकाउंट्सच्या कुलकर्णी बाई जोडीला होत्या, त्या एवढ्या जोरात "माझा" म्हणायच्या की शेजारच्या कोर्टावरचा माणूस थांबायचा. त्यांच्याकडून शिकलो.

पाचवी फेरी. तक्त्यात तुझ्या नावाच्या जागी मंगलबाईंचं नाव लिहिलेलं. त्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधून उभ्या होत्या. समोर मॅडम आणि क्रेन चालवणारे शिंदे. मी मागे जायला लागलो तोच त्या म्हणाल्या, "साहेब, मला फुडचं बघू द्या, तुमी मागचं बघा." तू त्यांना तेच शिकवलं होतंस. मला एक क्षण समोरची जाळी दिसेना. सर्व्हिस माझी होती, मी घाम पुसायचं निमित्त करून थोडा थांबलो.

त्या किचनच्या रेषेवर उभ्या राहून चेंडू इतक्या हळू जाळीपलीकडे सोडत होत्या की शिंद्यांना दोनदा गुडघ्यावर यावं लागलं. नऊ-चार असे मागे होतो, तिथून नऊ-नऊ केले. शेवटी अकरा-नऊने हरलो. शेवटचा चेंडू मी फोडायला गेलो आणि बाहेर मारला. मंगलबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, आजून हायेत." त्याच वेळी मोटारसायकल आली. मागे म्हातारी. यंदाही उशीरच झाला होता. लोक कोर्टावरून बाहेर येताना बघून तिचा चेहरा पडला. "संपलं व्हय गं?"

"न्हाई आत्याबाई. बसा तिथं सावलीत. आजून दोन हायेत माझ्या."

मॅडमनी खुर्ची दिली. म्हातारी दोन्ही मॅच शेवटपर्यंत बघत बसली. तिला गुण कसे मोजतात ते कळत नव्हतं, त्यामुळे ती दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवत होती. त्यातली एक मंगलबाई जिंकल्या आणि एक हरल्या. आमच्या गटात त्या तिसऱ्या आल्या. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा लोक जिथे जागा मिळेल तिथे बसले होते. सगळे नव्हे. काही आपल्या नेहमीच्या टेबलावरच गेले. तुला खोटं सांगणार नाही. पण पेंट शॉपचा तो मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्या पहिल्या दोन चेंडूंबद्दल बोलत राहिला.

वहिनींना सोमवारी फोन केला. सगळं सविस्तर ऐकून घेतलं त्यांनी, मग विचारलं, "आणि तुम्ही कितवे आलात, भाऊजी?"

"आठात सहावा."

त्या हसल्या. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचं हसू ऐकलं. "गेल्या वर्षीचा विजेता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या मंगळवारी घरी येऊन सांगत होते, दत्ता रुसलाय, पण माझी बाजू त्याला पटेल. स्वतः कागदावर मांडून बघेल तेव्हा पटेल."

म्हणजे तुला माहीत होतं. मला स्वतःबद्दल जे माहीत नव्हतं ते तुला माहीत होतं. हे ऐकून मला आधी लाज वाटली, नंतर बरं वाटलं. तू माझ्यावर रागावून गेला नाहीस, एवढं तरी कळलं.

तुझी सगळी बाजू मला पटली, मिलिंद. फक्त एक गोष्ट तुझ्या कागदांत कुठे नव्हती, आणि ती सांगायचं काम माझं होतं. मी नॉकआउटसाठी भांडत नव्हतो. वेळ वाचावा म्हणूनही नाही, कपासाठीही नाही. मला तुझ्याबरोबर खेळायचं होतं. दिवसभर, सगळ्या मॅच, जितक्या असतील तितक्या. चिठ्ठीत तुझं नाव निघालं तेव्हा मी तुला निवडलं नव्हतं, पण त्यानंतर दर वर्षी मीच निवडत होतो. तुझ्याबरोबर कधी तोंडाने बोलावं लागलं नाही. म्हणूनच हे बोलायचं राहून गेलं.